गुरुवारची चूक आणि सोमवारचा पेढा

मी पेढा तोंडात टाकला आणि त्याच मिनिटाला विचुंब्यात दुसरी मोटर जळाली.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध होता, पण तो मला कळायला अजून तीन दिवस जायचे होते. त्या सोमवारी मला एवढंच कळत होतं की पेढा ताजा आहे आणि तो मला लागोपाठ सहाव्या आठवड्यात मिळतोय.

पेढा कसला, ते आधी सांगतो. आमची कंपनी नवीन पनवेलला, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर. खाली टायरचं दुकान. वर आम्ही तीसेक माणसं हाउसिंग सोसायट्यांसाठी पंप कंट्रोलर बनवतो. गच्चीवरची टाकी रिकामी झाली की खालच्या टाकीतून पाणी चढवणारी मोटर आपोआप सुरू, टाकी भरली की आपोआप बंद, आणि सेक्रेटरीला मोबाइलवर सगळं दिसतं. त्या डब्याच्या पोटातलं सॉफ्टवेअर, म्हणजे फर्मवेअर, लिहिणाऱ्या टीमचा मी हेड. टीम म्हणजे मला धरून तिघं.

आमचे मालक अद्वैत सर. वयाने माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणतो, ते मला सुहासदादा म्हणतात, आणि आमचं त्यात बरं चाललंय. सर गेल्या वर्षी कुठल्याशा सेमिनारला जाऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावलं. रूम आठ जणांची. उरलेले दारात.

"आपल्याकडे नवीन काही का होत नाही?" सर म्हणाले. "कारण आपण चुकायला घाबरतो! झालेली चूक झाकतो! आजपासून आपल्याकडे इनोव्हेशन कल्चर. दर सोमवारी प्रत्येकाने उभं राहून आपली एक चूक सांगायची. ओरडा नाही, मेमो नाही. उलट पेढा!"

नियम दोनच. सांगितलेल्या चुकीला शिक्षा नाही, हा पहिला. दुसरा, फक्त स्वतःची चूक सांगायची, दुसऱ्याची काढायची नाही. नाहीतर सोमवारची सकाळ भांडणात जाईल, असं सरांचं म्हणणं. बरोबर होतं. आमच्याकडे जाईल.

खरं सांगतो, पहिले दोन आठवडे कमाल झाली! स्टोअरवाल्याने उभं राहून कबूल केलं की अँटेनाचे दोन प्रकार तो एकाच खोक्यात टाकतो. वर्षभर आम्हाला सतावणारी नेटवर्कची भानगड त्या एका वाक्यात सुटली. माणसं मोकळी बोलायला लागली. जेवायच्या सुट्टीत नवीन कल्पना निघायला लागल्या. मग सरांनी उत्साहाच्या भरात एक काम केलं. चुकांचा आकडा अप्रेझलच्या शीटमध्ये टाकला.

झालं! चुकांचं पीक आलं. एकाने सांगितलं, "मी फार परफेक्शनिस्ट आहे, ही माझी चूक." पेढा. दुसऱ्याने सांगितलं, "मी वीकेंडलाही कामाचा विचार करतो." पेढा. आणि मी? मी तर या धंद्यासाठीच जन्माला आलो होतो. खारघरच्या डेमोला लॅपटॉपच्या बॅगेऐवजी बायकोची योगाची मॅट घेऊन गेलो, हा माझा किस्सा. मॅट क्लायंटसमोर उलगडली तिथपर्यंत आलो की खोली कोसळायची. मॅट मला गाडीतच दिसली होती आणि मी परत फिरलो होतो, हे सांगायची गरज मला कधी वाटली नाही.

शीट आणि पेढे, दोन्ही नाझनीनकडे. ती आमची एचआर, अॅडमिन आणि कँटीन. पनवेलच्या मोहल्ल्यातली, जिभेला धार. पेढा हातावर ठेवताना ती म्हणायची, "सुहासभाई, माशाल्ला! चुकांमध्ये तुम्ही टॉपर. घरी पण असंच आहे का?"

तर त्या सोमवारी पेढा तोंडात असतानाच फोन आला. विचुंब्याच्या सोसायटीचे सेक्रेटरी, खोतसाहेब. सात बिल्डिंगा, सात पंप, आमचं तोपर्यंतचं सगळ्यात मोठं काम.

"अहो, दुसरी मोटर गेली! आठ दिवसांत दोन! तुम्ही कंट्रोलर लावलाय की शेगडी?"

मंगळवारी मी जाऊन पॅनेल उघडलं. आत कॉन्टॅक्टर असतो, म्हणजे मोटरला वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच. जोडला की टक्क वाजतो. त्याची टोकं काळी पडली होती, वायरचं प्लास्टिक वितळलं होतं. असं दिसलं की आमच्या धंद्यात एकच निदान होतं. लूज कनेक्शन. स्क्रू नीट आवळला नाही, ठिणग्या उडाल्या, जळलं.

वायरिंग केलं होतं कविताने. ही आमची फील्ड टेक्निशियन, ओवे गावची. आयटीआय करून आलेली. पॅनेलवर काम करणारी त्यांच्या घरातली पहिलीच बाई, आणि हे काम तिला झेपायचं नाही असं तिचा भाऊ रोज जेवताना ऐकवायचा. तिचं प्रोबेशन महिनाअखेरीला संपायचं होतं. त्या दिवशी ती माझ्याबरोबरच आली होती.

"सर, मी स्वतः आवळलेत स्क्रू. दोनदा तपासलेत. वायर ढिली नाय."

"अगं, पण हे काळं दिसतंय ना?"

"काळं हाय. पण ढिलं नाय."

मी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'कारण: सदोष जोडणी', आणि खाली जोडणी करणाऱ्या कविताचं नाव. सही केली. खोतसाहेबांनी सांगून टाकलं, ही मुलगी परत सोसायटीत नको. मी त्यावरही मान डोलावली. चहा पण घेतला.

गुरुवारी दुपारी बारा वाजता कविताचा फोन.

"सर, विचुंब्याला हाय. पंपरूममध्ये."

"तुला तिथे जायला मनाई आहे ना?"

"हाय. म्हणून तुमालाच सांगते. जरा ऐका."

तिने फोन पॅनेलला लावला. टक्क. मोटरची घरघर. टक्क. शांतता. मग पुन्हा टक्क.

"मोजलंत? बंद झाली की दहा सेकंदांनी परत चालू होते. टाकी कोरडी ठाक, टँकर आलेला नाय, तरी चालू होते. सकाळपासनं हेच चाललंय. मी अर्धा तास घड्याळ लावून बसलेय. दहा म्हंजे दहाच."

दहा! हा आकडा मी ओळखत होतो. तो माझाच होता.

जरा समजावून सांगतो. खालच्या टाकीत पाणी नसताना मोटर चालली तर जळते. याला ड्राय रन म्हणतात. मोटरला पाणी लागलं नाही की ती कमी वीज ओढते, आमचा डबा ते ओळखतो आणि मोटर बंद करतो. मग चाळीस मिनिटं थांबून परत एकदा बघतो, पाणी आलं का. चाळीस मिनिटं यासाठी की सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट वीज ओढते, तापते, आणि तिला निवायला वेळ लागतो.

आता खोतसाहेबांना डेमो दाखवताना चाळीस मिनिटं कोण थांबणार? म्हणून मी डेमोपुरता आकडा दहा सेकंद केला. स्क्रीनवर सारख्या सूचना येऊन कटकट नको, म्हणून त्याही बंद केल्या. बादली आणि छोटी मोटर घेऊन डेमो इतका झकास झाला की खोतसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांच्या तारेत मी तीच डेमोची फाइल सातही बिल्डिंगांच्या डब्यांत टाकली. खालच्या टाकीत पाणी होतं तोवर काही बिघडलं नाही. पाइपलाइनच्या दुरुस्तीमुळे पाणी एक दिवसाआड झालं, टाक्या कोरड्या पडायला लागल्या, आणि माझा डबा मोटरीला दिवसभर दर दहा सेकंदांनी उठवून बसवायला लागला. अशाने कॉन्टॅक्टर काळा पडणारच. वायर कितीही घट्ट असू दे.

"बघतो," मी कविताला म्हणालो. "तू मेन स्विच बंद कर."

"दोनदा केला. वॉचमन परत चालू करतो. सेक्रेटरींची ऑर्डर हाय, टँकर आला की लगेच पाणी चढलं पाहिजे, स्विचला हात लावायचा नाय."

लॅपटॉप उघडला. फाइलमध्ये दहा सेकंदांची ती ओळ तशीच. डेमो चालू. मी घाईघाईने नवीन फाइल बनवली आणि ऑफिसातूनच इंटरनेटवरून पाच डब्यांना पाठवली. एक गेली! दुसरी गेली! तिसरी, चौथी, पाचवी गेली! उरलेले दोन डबे बेसमेंटमध्ये. नेटवर्क नाही. तिथे जाऊन केबल लावण्याशिवाय मार्ग नाही.

लॅपटॉप पोटाशी धरून मी जिना उतरलो, स्कूटर काढली आणि विचुंब्याच्या दिशेने सुटलो. एक्कावन्नाव्या वर्षी मी इतक्या वेगाने फक्त लग्नाच्या पंगतीकडे जातो. वाटेत एक टँकर रस्ता अडवून उभा. बहुधा त्याच सोसायटीचा. ड्रायव्हर खाली उतरून निवांत उसाचा रस पीत होता.

पहिल्या बेसमेंटमध्ये केबल लावली, दोन मिनिटांत काम झालं. दुसऱ्यात पोचलो तर कविता आधीच तिथे येऊन मोटरशेजारी उभी.

"हात ठेववत नाय, सर. वास पण यायला लागलाय."

मोटरच्या आतलं वॉर्निश तापल्याचा वास. त्याच्यानंतर धूरच. केबल लावली. लॅपटॉप म्हणाला, अपडेट होतंय. बॅटरी म्हणाली, मी चालले. टक्क! मोटर पुन्हा उठली. आणि जिन्यातून खोतसाहेब उतरले.

"ही इथे काय करतेय?"

"मीच बोलावलंय," मी खोटं बोललो. "हेल्पला."

"आधी मोटर जाळायची, मग हेल्प!"

कविता घड्याळाकडे बघत होती. मोटर बंद झाली. लॅपटॉपवर हिरवी खूण आली आणि दुसऱ्याच क्षणी स्क्रीन काळी पडली. पाच सेकंद. आठ. दहा. बारा. वीस.

"वाजला नाय," कविता हळूच म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "सर, म्हंजे वायर नव्हती."

हीच ती जागा. 'हो कविता, चूक माझी होती,' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "बघू या. सगळे अँगल बघावे लागतील."

खोतसाहेबांनी विचारलं, "काय टाकलंत?"

"अपडेट."

"नवीन आहे?"

"हो, तसं आजच आलंय."

शब्द न् शब्द खरा होता. असं खोटं बोलायला अनुभव लागतो.

शुक्रवारी सकाळी अद्वैत सर माझ्या टेबलाशी धावत आले. खोतसाहेबांनी त्यांना फोन केला होता. "सुहासदादा! काय नवीन टेक्नॉलॉजी टाकलीत?"

"विशेष नाही हो, सर. पाणी नसेल तर मोटर चाळीस मिनिटं थांबते."

"म्हणजे डबा स्वतः निर्णय घेतो! आपण याला नाव देऊ. इंटेलिजंट वेट!"

"सर, तसं ते आधीपासूनच..."

"नम्रपणा बंद! याला म्हणतात इनोव्हेशन कल्चर. सोमवारी तुमचा सत्कार."

नाझनीनला मोठं खोकं आणायला सांगितलं गेलं. केशरी पेढे. जाता जाता सर म्हणाले, "आणि कविताला कायम करत नाही, ते मी तिला सोमवारनंतर कळवतो. वाईट वाटतं, पण तुमचा रिपोर्ट स्पष्ट आहे."

शनिवार-रविवार मी काय केलं? घरात दोन नळ दुरुस्त केले, जे गळत नव्हते.

सोमवार. तीस माणसं. रीतीप्रमाणे आधी चुका, मग सत्कार. माझा नंबर पहिला. मी ठरवून आलो होतो, खरं सांगायचं. उभा राहिलो, सगळ्यांचे हसायला तयार झालेले चेहरे बघितले आणि तोंडातून निघालं, "रविवारी मी दोन चांगले नळ दुरुस्त केले. आता दोन्ही गळतात." खोली कोसळली. नाझनीनने केशरी पेढा हातावर ठेवला.

मग कविता उभी राहिली. ती पेढ्यासाठी कधीच बोलली नव्हती.

"माझी चूक सांगते," ती म्हणाली. "गुरुवारी मी दहा सेकंद मोजले. नि ते एकाच माणसाला सांगितले. अजून दोघाचौघांना सांगायला पायजे होतं."

खाली बसली. नियम तिने पुरता पाळला होता. स्वतःचीच चूक सांगितली, कुणाचं नाव घेतलं नाही. कुणाला काही कळलं नाही. सर म्हणाले, "छान, कम्युनिकेशन महत्त्वाचं." नाझनीन पेढा घेऊन गेली, कविताने तो घेतला नाही.

मला सगळं कळलं. माझा पेढा अर्धा तोंडात होता, तो तिथेच राहिला.

मी पुन्हा उभा राहिलो. लोक लगेच हसले. "अजून एक!" कुणीतरी ओरडलं.

"डेमोची फाइल मी विचुंब्याच्या सातही डब्यांत टाकली," मी म्हणालो.

हशा.

"त्यात थांबायचा वेळ दहा सेकंद होता. म्हणून मोटरी जळल्या."

आणखी हशा. मागून आवाज आला, "आणि मॅट उलगडली!" लोक डोळे पुसायला लागले. सहा आठवडे मी त्यांना हीच सवय लावली होती. मी आता आग लागली म्हणून ओरडलो असतो तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या.

"हसू नका," मी म्हणालो. "वायरिंग नीट होतं. रिपोर्ट मी लिहिला, तो खोटा निघाला. इंटेलिजंट वेट असं काही नाही. ते पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं, ते मी विसरलो. कविताने शोधून काढलं आणि मी गप्प बसलो."

हशा थांबला. खालच्या दुकानात टायरमध्ये हवा भरल्याचा आवाज ऐकू आला.

अद्वैत सरांनी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"गुरुवारी."

"आज सोमवार आहे."

"हो."

"फाइलची चूक नियमात बसते. तिला ओरडा नाही, मेमो नाही," सर म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, तेच जास्त लागलं. "शुक्रवार, शनिवार आणि रविवारचं काय करू या, दादा?"

नाझनीनने केशरी पेढ्यांच्या खोक्यावर झाकण लावलं.

सर उठले. "चला विचुंब्याला. मी, तुम्ही आणि कविता. खोतसाहेबांना तुम्ही सांगायचं."

"सर, आधी एक," कविता म्हणाली. ती माझ्याशी बोलत होती. "त्या रिपोर्टात माझं नाव हाय. तिथनं काढा. तोंडी नको. लिहून."

तिच्यासमोर नवीन रिपोर्ट टाइप केला. 'कारण: फर्मवेअरमधील चूक. जबाबदार:' आणि माझं पूर्ण नाव. तिने दोनदा वाचला, वडिलांच्या नावासकट. मग स्वतःच प्रिंट काढली आणि एक प्रत पर्समध्ये ठेवली. "भावाला दाखवायला," म्हणाली.

खोतसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता काम गेलं. मग ते कविताकडे वळले. "बेटा, मी तुला वॉचमनसमोर काय काय बोललो!"

"बोललात ते वॉचमनने पण ऐकलं," कविता म्हणाली. "आता त्याच्यासमोरच बोला."

आणि खरंच, खोतसाहेबांनी वॉचमनला हाक मारून त्याच्यासमोर माफी मागितली. दोन मोटरी आम्ही बदलून दिल्या. काम राहिलं, पण एका अटीवर. सोसायटीत यापुढे कुठलीही फाइल कविताच्या सहीशिवाय जायची नाही. "आणि हे," माझ्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आले तर पाहुणे म्हणून यावेत."

कविता महिनाअखेरीला कायम झाली. तिने इमारतीच्या पार्किंगमध्ये, टायरवाल्याच्या बाजूला, दोन निळे ड्रम मांडले, एक खाली, एक उंच लोखंडी स्टँडवर. मध्ये मोटर आणि आमचा डबा. आता प्रत्येक नवीन फाइल आधी या ड्रमांवर पूर्ण दिवस चालते. कविता मुद्दाम खालचा ड्रम रिकामा करते आणि घड्याळ घेऊन बसते. पहिल्याच महिन्यात तिने माझ्या चार फाइली परत पाठवल्या. सोसायट्यांचे फोन इतके कमी झाले की नाझनीनला वाटलं लाइन बंद पडली. सेमिनारमध्ये ज्याला इनोव्हेशन म्हणतात ते आमच्याकडे दोन ड्रमांतून आलं, आणि ते सुचायला कुणाला पेढा द्यावा लागला नाही.

सरांनी अप्रेझलमधला तो चुकांचा आकडा काढून टाकला. दुसरा नियमही बदलला. आता दुसऱ्याची चूक सांगता येते, फक्त आधी त्याला तोंडावर सांगायची आणि एक दिवस वाट बघायची. पेढे अजून मिळतात, पण क्वचित. माझी शुगर उतरली आहे. डॉक्टर विचारतात, काय बदल केलात? मी म्हणतो, ऑफिसचं कल्चर.

या सगळ्यातून मी एवढंच शिकलो: आपण आपली चूक सांगतोय आणि ऐकणारे पोट धरून हसतायत, तर बहुधा आपण ती अजून पूर्ण सांगितलेली नसते.

सोमवारी मी उभा राहिलो की लोक अजूनही हसायच्या तयारीत असतात. माझा किस्सा रंगतो, खोली कोसळते. मग मागच्या खुर्चीवरून कविताचा आवाज येतो, "कधी कळलं, सर?"

आणि मला तारीख सांगावी लागते.